वाजवी

ऑगस्टात व्हर्लिन स्टकीनं मला
त्याच्या बायकोची खुर्ची विकली.
रांग चौतीस, खुर्ची अकरा, उत्तरेकडचं टोक.
वारा इथं मक्याच्या शेतांवरून सरळ तोंडावर येतो.
छापील किमतीवर एक डॉलर घेतला नाही.
‘फेअर,’ तो म्हणाला.
मी मनात म्हटलं, वाजवी.
हा शब्द शेवटचा कधी वापरला होता, आठवेना.

ओहायोतल्या या गावात अडतीस वर्षं
तो धान्याच्या कोठारात काट्यावर होता.
ट्रक भरून यायचा, रिकामा जायचा,
मधला फरक हा वहीत लिहायचा.
अशा माणसाला फुटबॉलबद्दल विचारावं
तर तो वजनच सांगणार.
बारा सामने. सात जिंकले की माप भरलं.
सहा म्हणजे ओलसर मका,
घ्यायचा, थोडी घट धरून.
दहा मागणारा माणूस एक तर विशीतला असतो
नाहीतर पैजेत बुडालेला.

मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत
काचसामान सांभाळते.
मंगळवारी सेमिसी येतो, तीनशे दहा पौंडांचा,
शनिवारी पुढच्या फळीत उभा असतो.
पिपेट असा धरतो
जणू चिमणीचं पिल्लू आहे.
गेल्या मंगळवारी जिना चढताना
दर पायरीला डावा पाय नंतर आणत होता.
गुडघा कसा आहे, मी विचारलं.
‘डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, मॅम.’
कुणाचे डॉक्टर, ते मी विचारलं नाही.

ऑक्टोबर. चौथा पराभव.
सत्तावीस यार्डांवरून कोल ब्रेनमनची किक
खांबाच्या डावीकडून गेली,
अगदी निवांत, जणू तिला तिकडंच काम होतं.
तेहतिसाव्या रांगेतला एकजण उठून ओरडला.
काय ओरडला ते इथं लिहीत नाही.
तीन रांगा खाली एका बाईनं
कोटावरचा मुलाच्या फोटोचा बिल्ला काढला
आणि खिशात टाकला.
आजूबाजूच्या सगळ्यांना एकदम
पायाखालचं शेंगदाण्याचं फोलपट दिसलं.

व्हर्लिन उठला. चौऱ्याहत्तर वर्षांचे गुडघे,
त्यांचे डॉक्टर वेगळे.
ओरडणाऱ्याला एक शब्द बोलला नाही.
खाली उतरून थर्मासच्या झाकणात
त्या बाईला कॉफी ओतून दिली
आणि झाकण तिथंच ठेवून आला.

नोव्हेंबरात प्रशिक्षकाला घरी पाठवलं.
त्याला घरी पाठवायची किंमत नव्वद लाख डॉलर.
त्याच आठवड्यात माझ्या सहा ब्युरेटींचा अर्ज परत आला:
जानेवारीपर्यंत थांबावे.
गावात लोक म्हणाले, पैसे गेले तर गेले,
आम्हाला जिंकायचा हक्क आहे.
हक्क! शनिवारी चार तास बसून,
नाचोज खाऊन, मिळतो तो.

मलाही मागायचं आहेच, नाही कसं.
गुडघ्याबद्दल त्या पोराला खरं सांगा.
चौथ्या वर्षी त्याच्या हातात पदवी असू दे,
नुसती दुसऱ्या कॉलेजात जायची बॅग नको.
जाणाऱ्या प्रशिक्षकानं आदल्या दिवशी
‘मी कुठंही जात नाही’ म्हणू नये.
आणि हो, तिसऱ्या डाउनला एक यार्ड हवा असताना
चेंडू मागं नाचवत बसू नका,
हे व्हर्लिनचं, पण आता माझंही.

शेवटचा सामना. बर्फ. अकरा गुणांनी मागं.
दोन मिनिटं उरली आणि मैदान
पोतं फाटल्यासारखं रिकामं होत गेलं.
मी पर्स उचलली. व्हर्लिन हलला नाही.
‘गाडी काट्यावर आली,’ तो म्हणाला,
‘की काटा थांबेपर्यंत आकडा वाचायचा नसतो.’
काटा थांबला. अकरानंच हरलो.
चार विजय, आठ पराभव,
कितीही घट धरली तरी कमीच.

वर येणाऱ्या पायऱ्यांवर ती बाई उभी होती.
थर्मासचं झाकण, धुतलेलं, कागदी रुमालात गुंडाळलेलं,
तिनं व्हर्लिनच्या हातात दिलं.
बिल्ला कोटावर होता, जरा तिरका.
‘पुढच्या वर्षी?’ तिनं विचारलं.
व्हर्लिननं झाकण फिरवून बसवलं,
मग माझ्याकडं पाहिलं,
जणू अकरा नंबरच्या खुर्चीचं
मीच काय ते सांगायचं होतं.